यूएफसी ५ : उभ्यानं झकास, खाली पडलं की घोळ

पंचनामा

गेले चार-पाच महिने रोज रात्री तासभर यूएफसी ५ हा व्हिडिओ गेम खेळतोय. सुरुवातीला डोक्यावर घेतला होता, मग महिनाभर शिव्या घातल्या. आता दोन्हीचा भर ओसरलाय, म्हणून लिहायला बसलो.

ज्यांना मिक्स्ड मार्शल आर्ट्स हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बॉक्सिंगचे ठोसे, थाई पद्धतीच्या लाथा, गुडघे, कोपरं, कुस्तीतली पाडापाडी आणि जुजुत्सूतलं गळे-सांधे आवळणं, हे सगळं एकाच जाळीदार अष्टकोनात. यूएफसी ही अशा लढती भरवणारी अमेरिकेतली संघटना. पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड, किताबाची लढत असेल तर पाच. गेम बनवणाऱ्यांनी हे सगळं एका कंट्रोलरवर बसवायचं असतं. विचार केला तर कामच वेड्यासारखं आहे.

आधी कौतुक. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा गेम आला तो जुनं इंजिन (ज्यावर गेम चालतो ते सॉफ्टवेअर) सोडून फ्रॉस्टबाइट या इंजिनवर, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं घेऊन. कागदावर हे आकडे वाटतात, हातात कंट्रोलर घेतला की कळतं. चार बटणं म्हणजे चार अवयव: दोन हात, दोन पाय. बाकीची बटणं सोबत दाबली की त्याच ठोशाचा पोटातला ठोसा होतो, त्याच लाथेची फिरकी होते. कंट्रोलरच्या उजव्या काडीनं (स्टिकनं) डोकं हलवायचं. इथेच या गेमचा जीव आहे. समोरच्याचा हुक (बाजूनं वळसा घेऊन येणारा ठोसा) ज्या बाजूनं येतोय त्याच बाजूला तुम्ही डोकं झुकवलंत, तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागतं. विरुद्ध बाजूला झुकलात तर त्याचा हात हवेत जातो आणि त्या अर्ध्या क्षणात त्याचा जबडा तुमचा. लाथ मारून पाय खाली यायच्या आत ठोसा बसला तरी तसंच. म्हणजे किती बटणं बडवता त्यापेक्षा केव्हा दाबता याला किंमत आहे. हे मला फार म्हणजे फार आवडलं.

मार लागलेला दिसतोही. भुवई फुटते, डोळा सुजतो, नाकाचा आकार बदलतो. आणि ते नुसतं दाखवायला नाही. डोळ्यावरची जखम वाढली तर डॉक्टर येऊन पाहतो आणि लढत थांबवूही शकतो. यूएफसी ४ मध्ये हे नव्हतं. गंमत अशी की ४ च्या मुखपृष्ठावर होता होर्हे मास्विदाल, आणि त्यानं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये नेट डियाझला हरवलं ते डॉक्टरनं लढत थांबवल्यामुळेच. मुखपृष्ठावरचा गडी ज्या प्रकारे जिंकला तो प्रकारच गेममध्ये नाही! ५ मध्ये ती चूक सुधारली.

आता घोळ. परवाची लढत सांगतो, म्हणजे कळेल.

मी डस्टिन पोरिए, समोर कुणीतरी ऑनलाइन गडी खबीब घेऊन; दोघंही यूएफसीचे खरे लढवय्ये. प्रत्यक्षात २०१९ साली अबू धाबीत खबीबनं तिसऱ्या राउंडमध्ये मागून गळा आवळून पोरिएला संपवलं होतं. मी इतिहास बदलायला बसलो होतो. पंधरा सेकंदांत त्यानं दोन्ही पाय धरून मला आपटलं. मग सुरू झालं ते. गार्डमधून (खालच्याचे पाय वरच्याच्या कमरेभोवती) हाफ गार्ड (वरच्याचा एकच पाय अडकलेला), तिथून साइड कंट्रोल (बाजूनं छातीवर भार), तिथून माउंट (सरळ अंगावर बसणं). खाली असताना माझ्या हातात एवढंच: ट्रिगर (कंट्रोलरच्या मागचं बटण) धरून ठेवायचा आणि तो ज्या दिशेनं सरकणार त्याच दिशेला काडी ढकलायची. डावी, उजवी की वर? बरोबर निघालं तर तो अडतो आणि त्याचा दम जातो. चुकलं तर तो पुढच्या थांब्यावर. पहिला राउंड मी नुसता मार खात अंदाज करत होतो.

दुसऱ्या राउंडमध्ये लक्षात आलं, गडी दोनदा डावीकडे जातो आणि तिसऱ्यांदा वर. प्रत्येक वेळी. मग काय, डावं, डावं, वर. अडवला. पुन्हा डावं, डावं, वर. पुन्हा अडवला. त्याच्या दमाची पट्टी चिमूटभर उरली, मी उठलो, आणि तिसऱ्या राउंडमध्ये तो पुन्हा पायात शिरायला वाकला तेव्हा वर येताना डाव्या हाताचा सरळ ठोसा बसला. झोपला.

जिंकलो. पण जिंकल्यावर जरा कसंसंच झालं. कारण मी लढलोच नव्हतो, एका माणसाची बोटांची सवय पाठ केली होती. खबीबचं वजन नाही, मनगटं जखडणं नाही, छातीवर बसल्यावर श्वास कोंडणं नाही. उभ्यानं हा गेम लढाई आहे, खाली पडलं की नाणेफेक. तुम्हाला काय वाटतं?

सावरी

लेख मस्त, शेवटच्या वाक्याशी मात्र सपशेल असहमत. नाणेफेकीत समोरच्याची सवय कळून उपयोग नसतो. तुम्ही सवय ओळखलीत आणि जिंकलात, मग नाणेफेक कुठली?

आणि दिशा ओळखायला सवयीचीच गरज असते असंही नाही. वरच्याचा खांदा आणि कंबर बघा. सरकायला सुरुवात होते तेव्हा शरीर आधी हलतं. ५ मध्ये पट्ट्या पळवण्याचा तो खेळ काढून टाकलाय हे तर तुम्ही लिहिलंच नाहीत! ४ मध्ये कुणी गळा धरला की पडद्याच्या मधोमध पट्टी यायची आणि दोघंही लढाई सोडून त्या पट्टीकडे बघत बसायचे. आता गळा आवळताना खरोखर हात कुठे आहे, पाय कुठे अडकलाय हे बघावं लागतं. माझ्या मते या गेमची सगळ्यात मोठी सुधारणा ही. तुमचे ६० फ्रेम नंतर.

लालमाती

मी गेम खेळत नाही, मुलं खेळताना बघतो. पण मी काही वर्षं तालमीत घाम गाळलाय म्हणून बोलतो.

पंचनामासाहेब, कुस्तीतसुद्धा सवयच वाचतात हो. खडाखडीच्या (उभ्यानं एकमेकांना चाचपण्याच्या) पहिल्या मिनिटात पैलवान दुसरं काय करतो? समोरचा कुठला पाय पुढे ठेवतो, दस्ती ओढली (मनगट धरून खेचलं) की कुठल्या बाजूला झोक जातो, पट काढायच्या (पाय धरून पाडायच्या) आधी मान खाली घालतो का, हेच. तुम्ही ज्याला नाणेफेक म्हणताय त्याला आमचे वस्ताद डोकं म्हणायचे.

फरक वेगळा आहे. आम्ही सवय डोळ्यानं कमी आणि अंगानं जास्त वाचतो. समोरच्यानं मानेवर हात टाकला की त्या हाताच्या वजनावरून कळतं, हा ओढणार की ढकलणार. तो डाव करतो त्याच्या आधी त्याच्या अंगात ताण येतो. तो ताण तुमच्या कातड्याला कळतो, डोक्याला नंतर कळतं. तुमच्या त्या डब्यात ही सोय आहे का?

पंचनामा

सावरी, पट्ट्या गेल्याचं लिहायला हवं होतं, कबूल. खांदा-कंबर बघण्याचं मात्र ऑनलाइन मला तरी जमत नाही. दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

लालमाती, "कातड्याला कळतं" हे मला दोन हजार शब्दांत सांगता आलं नाही ते तुम्ही दोन शब्दांत सांगितलंत.

फ्रेमगणित

"दिसेपर्यंत वेळ गेलेली असते" याचा हिशोब मांडतो, सवय आहे.

६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. माणसाला काहीतरी दिसून बोट हलायला, चांगल्या सरावात, दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. म्हणजे १२ फ्रेम गेल्या. त्यात ऑनलाइनचा उशीर धरा शंभर मिलिसेकंद, आणखी ६ फ्रेम. टीव्हीचा गेम मोड (चित्र दिसायचा उशीर कमी करणारं सेटिंग) बंद असेल तर आणखी काही. म्हणजे समोरच्याची कंबर हलायला लागल्यापासून १८-२० फ्रेमनंतर तुमची काडी हलते. घरात शेजारी बसून खेळलात तर सावरी बरोबर, लांबच्या माणसाशी खेळलात तर पंचनामा बरोबर. एकाच गेमचे दोन गेम झालेत.

आता उभ्यानं हे का जाणवत नाही? कारण ठोसा ही एका शरीराची हालचाल आहे. माझा हात माझा मी हलवतो, तो तुमच्या गालाला लागेपर्यंत तुमचं शरीर तुमचं असतं. तिसऱ्या भागात, २०१८ साली, चालता चालता ठोसा मारता यावा म्हणून त्यांनी हालचालींची सगळी व्यवस्था नव्यानं मांडली, त्याचा फायदा अजून मिळतोय. पण दोन माणसं एकमेकांत गुंतली की दोघांची हालचाल एकत्रच ठरवावी लागते. माझा गुडघा तुमच्या बरगडीवर आणि तुमचा हात माझ्या मांडीखाली, यातलं एक जरी दोन इंच चुकलं तर हात मांडीच्या आरपार गेलेला दिसतो. म्हणून जोडीनं ठरवलेल्या जागा ठेवतात, आणि एका जागेतून दुसऱ्या जागेत जायचे ठरलेले रस्ते. पंचनामांनी 'थांबा' शब्द वापरला तो नेमका आहे. गाडी दोन थांब्यांच्या मध्ये उभी राहत नाही.

खरी कुस्ती मात्र सगळी थांब्यांच्या मध्येच होते. लालमाती सांगतील.

लालमाती

सांगायचं काय, तुम्हीच सांगितलंत. पट काढला आणि गडी पडला हे बघणाऱ्याला दिसतं. मधले तीन सेकंद दिसत नाहीत. मी पाय धरला, त्यानं कंबर मागे टाकली, माझ्या मानेवर भार दिला, मी गुडघा सरकवला, त्यानं हात खाली घालायचा प्रयत्न केला. अर्धा पट निघालाय, अर्धा नाही. कुस्ती तिथे असते.

जुनाट कन्सोल

इथे कुणीच अनडिस्प्युटेड या जुन्या यूएफसी गेमचं नाव काढलं नाही म्हणून राहवलं नाही.

पोरांनो, आताचे गेम काढणाऱ्या ईए कंपनीच्या आधी यूएफसीच्या गेमचे हक्क टीएचक्यू या कंपनीकडे होते आणि गेम बनवायची जपानची युक्स. २००९ साली अनडिस्प्युटेड आला, २०१० ला दुसरा, २०१२ च्या फेब्रुवारीत अनडिस्प्युटेड ३. त्यात प्राइड मोड होता. जपानच्या प्राइड या जुन्या लढत-संघटनेचे नियम जसेच्या तसे: अष्टकोनाऐवजी दोरांची रिंग, पहिला राउंड दहा मिनिटांचा, पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथ मारलेली चालते पण डोक्याला कोपर लावलेलं चालत नाही. एका डिस्कमध्ये दोन वेगळे खेळ. उभं राहायचं की खाली जायचं हा हिशोबच बदलायचा, कारण पाठीवर पडून आराम करायची सोय नसायची.

खाली पडल्यावर जागा बदलायची तर काडी गोल फिरवावी लागे, लहान बदलाला पाव वर्तुळ, मोठ्याला अर्धं. अंगठ्याला फोड यायचे. पण त्या फिरवण्यात झटापट होती. दोघंही काडी फिरवतायत, दोघांचे दात आवळलेले. खोटं असेल, पण दमायला व्हायचं.

जून २०१२ ला हक्क ईए कडे गेले, पुढच्या काही महिन्यांत टीएचक्यू दिवाळखोरीत निघाली. त्याच ईए नं २०१० मध्ये ईए स्पोर्ट्स एमएमए नावाचा गेम स्ट्राइकफोर्स या दुसऱ्या संघटनेचे लढवय्ये घेऊन काढला होता, तेव्हा यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट त्यांच्यावर उघडपणे भडकले होते. दोन वर्षांत गळ्यात गळे. असो.

माझा जुना डबा अजून चालतो. पंखा विमानासारखा वाजतो, पण चालतो.

सावरी

आठवणी गोड असतात हो, पण अनडिस्प्युटेडचा तो अष्टकोनी पट्ट्यांचा पाठलाग विसरलात वाटतं? गळा धरला की एक पट्टी दुसऱ्या पट्टीच्या मागे गोल गोल धावणार. त्यात कुठली कुस्ती होती?

जुनाट कन्सोल

तो भाग रद्दीच होता. कबूल. :)

आडवातिडवा

एकमेकांची नाकं फोडण्यात कसली आलीये मजा? आणि ती फुटलेली नाकं जवळून दाखवतात म्हणून कौतुक! लहान मुलं हे खेळतात याचं कुणाला काही वाटत नाही?

सावरी

वाटतं, म्हणूनच अमेरिकेतल्या मानांकनात या भागाला १७ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे. आधीचे भाग १३ वर्षांवरच्यांसाठी होते, रक्त-जखमा वाढवल्यावर शिक्काही बदलला. लहान मुलांच्या हातात देऊ नका, विषय संपला. धागा गेमच्या गुणदोषांवर आहे, त्यावर बोला की.

तिरकी लाथ

मी उशिरा आलो. पंचनामांनी दम या विषयाला एक ओळसुद्धा दिली नाही याचा निषेध. :)

माझ्या मते हा गेम खाली पडल्यावर फसत नाही, चौथ्या राउंडमध्ये फसतो. दमाच्या दोन गोष्टी असतात: आत्ताचा श्वास, जो दोन पावलं मागे गेलं की परत येतो, आणि एकूण ताकद, जी राउंडमागून राउंड आटत जाते आणि मधल्या मिनिटाच्या विश्रांतीत पूर्ण भरत नाही. गेममध्ये दोन्ही आहेत आणि हिशोब चांगला आहे. हवेत गेलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा महाग पडतो, हेही खरं आहे. पण दमलेला माणूस दिसत नाही! पट्टी रिकामी होते, ठोशांचा जोर कमी होतो. बाकी पठ्ठ्या पहिल्या मिनिटासारखाच ताठ, हात गालाशी, पाय नाचताहेत. खऱ्या लढतीत चौथ्या राउंडला तोंड उघडं पडतं, हात छातीपर्यंत उतरतात, जाळीला टेकून उभं राहतात. समोरच्याला ते दिसतं आणि तो त्या वासावर येतो. इथे मला समोरच्याचा दम बघायला त्याच्याकडे नाही, आकड्यांकडे बघावं लागतं. ते आकडे बंद करून खेळा, मग कळेल मी काय म्हणतो.

पण एक गोष्ट हा गेम फार झकास पकडतो, ती म्हणजे हरत असलेल्याची आशा. ऑगस्ट २०२२, लिऑन एडवर्ड्स विरुद्ध कमारू उस्मान. पाचवा राउंड, गुणांवर एडवर्ड्स मागे, मिनिटही उरलेलं नाही. डाव्या हाताची हूल आणि मागोमाग डाव्या पायाची लाथ थेट डोक्यावर. किताब त्याचा. असं गेममध्ये घडतं, आणि घडतं तेव्हा फसवल्यासारखं वाटत नाही. मागे जाऊन बघितलं की दिसतं, आपण तिसऱ्यांदा त्याच बाजूला डोकं झुकवलं होतं.

पंचनामा

आकडे बंद करून काल पाच लढती खेळलो. तिरकी लाथ, तुमचं पटलं. पाचही हरलो हा भाग वेगळा.

एक नवीनच गोष्ट लक्षात आली मात्र. पट्ट्या नसल्या की मी आपोआप कमी ठोसे मारायला लागलो. आधी दम हिरवा दिसतोय तोवर बडवायचो, आता आपला दम किती उरला याचा अंदाज धरून जपून मारतो. म्हणजे गेम तोच, मी बदललो.

नवशिका

सगळे जाणकार दिसताय, म्हणून विचारतो. मी नुकताच घेतला. ऑनलाइन बारा लढती, बारा हार, त्यातल्या सात पहिल्याच राउंडमध्ये. समोरचे सगळे पेरेरा हा लढवय्या घेऊन येतात आणि डाव्या हुकनं मला झोपवतात. सुरुवात कशी करू? आणि हा पीसीवर का नाही? माझ्याकडे चांगला पीसी धूळ खात पडलाय.

जुनाट कन्सोल

पीसीचं विसरा. ईए च्या ताब्यात आल्यापासून ही मालिका कन्सोलवरच निघाली, आणि हा पाचवा भाग प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या सिरीजवरच आला.

सावरी

नवशिका, आधी ऑनलाइन जाणं बंद करा. आठवडाभर सराव मोडमध्ये एकच लढवय्या. मी व्हॅलेंटिना शेवचेन्कोवर शिकले, कारण ती समोरच्याला येऊ देते आणि मग मारते. धीर आपोआप शिकायला मिळतो. डावखुरी आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस सगळं उलटं वाटेल, ते होऊ द्या.

सेटिंगमध्ये ग्रॅपल असिस्ट आहे, तो चालू करा. मग खाली पडल्यावर सगळे रस्ते पाठ असावे लागत नाहीत. उठायचं, गळा-सांधा धरायचा की वरून ठोसे मारायचे, एवढंच काडीनं सांगायचं, मधला रस्ता गेम निवडतो. यात कमीपणा काही नाही. पंचनामांसारखे लोक "खरे खेळाडू असिस्ट वापरत नाहीत" म्हणतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

पंचनामा

मी असं कधी म्हटलं?!

तिरकी लाथ

म्हणाला नाहीत, पण वापरत नाही ना? :)

नवशिका, पेरेराच्या हुकबद्दल. तुम्ही बहुतेक ब्लॉक धरून सरळ मागे जात असणार. सगळे नवीन लोक तेच करतात. ब्लॉक ही भिंत नाही, पत्रा आहे. एकामागून एक ठोसे त्यावर बसले की तो वाकतो आणि पुढचा ठोसा आरपार येतो. दोन ठोसे अडवा, तिसऱ्याला बाजूला सरका. त्याच्या डाव्या हाताच्या बाजूनं जाऊ नका, उलट दिशेनं फिरा. आणि तो पुढे येताना पुढच्या पायाच्या पोटरीवर लाथ. गंमत म्हणून नाही, रोज व्याज भरल्यासारखी. जानेवारी २०२१ मध्ये पोरिएनं मॅकग्रेगरला दुसऱ्या राउंडमध्ये ठोशांनी पाडलं, पण त्याचं काम आधी पोटरीवरच्या लाथांनी केलं होतं. पाय गेल्यावर माणूस हलत नाही, आणि न हलणाऱ्याला मारायला काय लागतं? गेममध्येही पायाचं नुकसान वेगळं मोजतात आणि नुसत्या पायांवरच्या लाथांनी लढत संपवता येते.

पाच-सहा ठोशांच्या लांबलचक माळा लावू नका. दोन मारा, थांबा, बघा.

फ्रेमगणित

आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा हो. निम्मे लोक हे करत नाहीत आणि दोष गेमला देतात.

नवशिका

गेम मोड बंद होता. :(

जुनाट कन्सोल

करिअर मोडबद्दल कुणी बोलत नाहीये, कारण बोलण्यासारखं फारसं नाही. हौशी लढतींतून वर या, आठवड्यांचा सराव आखा, नवे डाव शिका, दुखापत सांभाळा. एकच कल्पना चांगली: जितका मार खाल तितकं कारकिर्दीचं आयुष्य कमी होतं, सरावातलासुद्धा धरून. बाकी चौथ्या भागात खेळला असाल तर इथे जांभया द्याल. प्रशिक्षकाचं तेच ते बोलणं मी तिसऱ्या लढतीपासून वगळतो.

बरं, चौथ्या भागात निदान एक करमणूक झाली होती. सप्टेंबर २०२० मध्ये लढतीच्या रीप्लेमध्ये एका मालिकेच्या जाहिराती झळकायला लागल्या. पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या गेममध्ये! लोक इतके चवताळले की काही दिवसांत काढाव्या लागल्या.

तिरकी लाथ

आणि ब्रूस ली. यूएफसीची पहिली स्पर्धा १९९३ ची, ब्रूस ली गेले १९७३ ला, आणि २०१४ च्या गेममध्ये ते अष्टकोनात. मला त्याबद्दल तक्रार नाही. मी त्यांना घेऊन शंभर लढती खेळलोय.

फ्रेमगणित

लालमातींच्या त्या प्रश्नावर अजून अडकलोय, ताण कातड्याला कळण्याच्या. तशी सोय अर्धीमुर्धी आहेच की. कंट्रोलर थरथरतो. प्लेस्टेशन ५ च्या ट्रिगरला तर विरोध देता येतो, दाबताना जड लागतो. समजा वरचा गडी डावीकडे सरकायच्या आधी, डोळ्याला दिसायच्या आधी, माझ्या कंट्रोलरच्या डाव्या बाजूला हलकासा भार आला तर? मग मी पडद्याकडे न बघता अडवू शकेन. स्पर्शाला माणूस डोळ्यापेक्षा लवकर प्रतिसाद देतो. खांद्यावर भार टाकून फसवताही येईल, खोटा भार द्यायचा आणि उलट जायचं.

लालमाती

हे केलंत तर मी स्वतः डबा विकत घेईन.

पंचनामा

फ्रेमगणित, हे वाचून शीर्षक बदलावंसं वाटतंय. घोळ खाली पडण्यात नाही, खाली पडल्यावर आपल्याला डोळ्यांवर सोडून देण्यात आहे.

तरी पण शीर्षक तसंच ठेवतो, त्यामुळेच एवढे प्रतिसाद आले. :)

नवशिका

अपडेट. शेवचेन्को, असिस्ट चालू, गेम मोड चालू. आठ लढती, तीन जिंकलो! एक तर गुणांवर, तिन्ही राउंड नुसता मागे सरकत आणि पोटरीवर लाथा मारत. समोरच्यानं शेवटी घाणेरडा निरोप पाठवला. तो जपून ठेवलाय.

लालमाती

मंडळी, आठवड्यानं आलोय. भाच्यानं बळेच कंट्रोलर हातात दिला. शेजारी बसून तीन लढती खेळलो.

एकेरी पट काढायचं बटण कळलं, दुहेरीचं कळलं. पट निघायचा, वर यायचो, पण पुढे कुठेच सरकू देईना. मी डावीकडे जायचा विचार केला की त्याची काडी डावीकडे. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. तिन्ही हरलो. मला वाटलं सावरी म्हणतात तशी कंबर बघतोय माझ्या गड्याची.

विचारलं, तर म्हणाला, "मामा, मी टीव्हीकडे बघतच नव्हतो. तुम्ही ज्या बाजूला जाणार असता, त्या बाजूला आधी जीभ बाहेर काढता."